गिरकीचं पान

गाडीवर बसण्याआधी गाडीभोवती एक चक्कर. डावीकडून सुरुवात. पुढचं चाक अंगठ्याने दाबायचं, ब्रेक ओढून पाहायचा, मागच्या दिव्यावर टिचकी मारायची आणि मगच त्या जुनाट स्कूटरवर बसायचं. पांढरकवड्यात हायवेच्या बाजूला राहणाऱ्या कोणीही साहेबांचा हा सोहळा पाहिला असेल. टपरीवरचे ट्रकवाले तर त्यांची नक्कल करायचे. एकदा एकाने विचारलंच, "साहेब, रोज रोज काय पाहता? कालचीच तर गाडी हाय."

"काल पाह्यली ते कालची," साहेब म्हणाले आणि मागच्या चाकाकडे वळले.

साहेब मूळचे केळापूरचे. उमेदीची सगळी वर्षं हवाई दलात गेली. पण लढाऊ विमानात नाही. शिकाऊ वैमानिकांना ज्या विमानांत बसवतात, ती विमानं त्यांनी आधी शिकवायला आणि पुढे तपासायला उडवली. नवं विमान आलं की ते वर न्यायचं, मुद्दाम वेडंवाकडं करायचं, आणि ते नवख्याच्या हाती देण्याजोगं आहे का, ते लिहून द्यायचं. निवृत्त झाल्यावर ते इथे येऊन राहिले.

सव्वीस जानेवारीला शाळेत त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. झेंड्याची दोरी, गाठ, वरची कप्पी हे सगळं तपासण्यात त्यांनी दहा मिनिटं घातली. पोरं उन्हात उभी, हेडमास्तर घामाघूम. मग भाषणात हेडमास्तरांनी मोठ्या हौसेने विचारलं, "साहेब, शत्रूची विमानं किती पाडली?"

"एकबी नाही. आपली पडू नये, एवढंच पाहत होतो."

हेडमास्तरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

माझा छापखाना आहे. साहेबांना आठवणींचं पुस्तक काढायचं होतं. ते सांगायचे, मी कॉम्प्युटरवर टाइप करायचो. तीन वर्षं! आता खोटं कशाला बोलू, त्या तीन वर्षांत मी जेवढा वैतागलो, तेवढा लग्नसराईतल्या गिऱ्हाइकांवरही कधी वैतागलो नाही. मी लिहावं "निळ्याशार आभाळात झेप घेतली", तर त्यावर लाल रेघ. "निळंशार कायले? उडालो, एवढं लिही ना." मी "काळजाचा थरकाप" लिहिला तर म्हणाले, "थरकाप झाला असता तं मी आज बसलो असतो का इथं?" प्रत्येक पान तपासून झालं की उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहीत, 'तपासले'. तो शब्द आल्याशिवाय पान पुढे जायचं नाही. एकेका पानाला महिना लागायचा. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घ्यायचो.

आणि एक पान काही केल्या पुढे जाईना.

ते गिरकीचं पान. विमान कधी कधी नाक खाली करून भोवऱ्यासारखं फिरत पडू लागतं. त्यातून ते सुखरूप बाहेर यायला हवं. एका नव्या विमानाला साहेबांनी उजवीकडच्या गिरकीत घातलं, ते बाहेर आलं, आणि त्यांनी लिहून दिलं, 'सरळ होते, दोष नाही.' काही महिन्यांनी तशाच विमानात, तशाच गिरकीत एक शिकाऊ मुलगा जिवानिशी गेला.

"मंग मी पुन्हा वर गेलो," साहेब सांगत होते. "पाय विमान वळवाच्या पेडलवर तसेच ठेवले, मुद्दाम हलू देल्ले नाही. तवा विमान सरळच होईना. पह्यल्या खेपेले माह्या पायानं आधीच दाबून सांभाळून घेतलं होतं. सवय! मले समजलंबी नाही. त्या पोराच्या पायाले थे सवय कुठून असन?"

मी लिहिलं, 'तांत्रिक दोषामुळे अपघात झाला.' त्यांनी ते खोडलं आणि वर लिहिलं, 'माझ्या तपासणीत चूक झाली.' मी पुन्हा गोलमोल लिहिलं, त्यांनी पुन्हा खोडलं. असं चार वेळा. चौथ्या वेळी माझा तोल गेला.

"साहेब, तुम्हाला कोणी दोष दिला का?"

"नाही. विमान दुरुस्त केलं, फाइल बंद झाली."

"मग आता कशाला उकरून काढता? हे पानच काढून टाका."

"मंग बाकीची पानं कायले छापतं?" साहेब म्हणाले. चिडलेही नाहीत. "माह्यावानी कोणी तपासणारा वाचन. त्याले समजू दे, हात बसलेला माणूसबी फसते. आज करून दे भाऊ, मी बसतो इथं."

समोर लग्नपत्रिकांचे गठ्ठे पडले होते. "आज नाही, उद्या करतो," मी तोडून टाकलं. ते उठले, स्कूटरभोवती चक्कर मारली आणि गेले.

दोन दिवसांनी सकाळी ते गेल्याचं कळलं. झोपेतच गेले.

तेरावं झाल्यावर त्यांची मुलगी नागपूरला परतण्याआधी छापखान्यात आली. सगळी पानं चाळली आणि त्या पानाशी थांबली. "काका, हे काढून टाका. बाबांना कोणी काही म्हटलं नव्हतं, तर आपणच कशाला लिहायचं?"

जे मी साहेबांना सांगितलं होतं, तेच ती मला सांगत होती. आणि मी तिच्याशी साहेबांच्या बाजूने तावातावाने भांडत होतो! ऐकायला ते नव्हते, याचा मला इतका राग आला की आवाज चढला. शेवटी मी चारही प्रुफं तिच्यापुढे ठेवली. चारही वेळा तीच रेघ, तेच वाक्य. तिने एकेक प्रूफ उलटून पाहिलं. मग डोळे पुसून म्हणाली, "छापा."

ती गेल्यावर मी ते वाक्य दुरुस्त केलं. घड्याळात पाहिलं तर चार मिनिटं लागली होती. पान काढून ओळीवर बोट ठेवत दोनदा वाचलं. आता त्यात एकही चूक नव्हती. पेन्सिल उचलून उजव्या कोपऱ्याशी नेली. साहेब बसायचे त्या समोरच्या स्टुलाकडे पाहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

पुस्तकातलं तेवढं एकच पान न तपासलेलं आहे.