सुधाच्या कारखान्यातलं पाणी

सोलापूरहून निघालेली बस हैदराबादला पोचली, तेव्हा धाकटी बहीण सुधा मला न्यायला आली होती. नवी कोरी गाडी ती स्वतः चालवत होती. मी कौतुक केलं आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

हिमायतनगरच्या तिच्या घरी स्वयंपाकघरात दोन नळ. कामाच्या लक्ष्मम्मानं आल्या आल्या बजावलं, हे मंचिनीळ्ळु (पिण्याचं पाणी), ते उप्पुनीळ्ळु (बोअरचं खारं पाणी). खाऱ्यात डाळ शिजत नाही. जेवायला बगारा बैंगन (तीळ-शेंगदाणे-चिंचेतली वांगी) होतं. मी दोनदा वाढून घेतलं, तरी लक्ष सारखं नव्या फ्रिजकडे.

बाजार खुला झाला, रस्त्यावर गाड्या वाढल्या, तसे सुधाचे यजमान मुकुंदराव सरकारी नोकरी सोडून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर बनवू लागले. दुसऱ्या दिवशी दिलसुखनगरच्या पुढे त्यांचा कारखाना पाहिला. पाण्याची वाफ करायची, ती थंड करून पुन्हा पाणी करायचं. क्षार मागे राहतात. चाखून पाहिलं, अगदी बेचव. हेच मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवत आले. यांनी त्यावर घर बांधलं.

तेवढ्यात शहरातल्या कोठी भागातले एक टॅक्सीमालक अर्धा कॅन घेऊन आले. "आपका पानी डाले, बैटरियां बैठ गए साब," म्हणाले. सगळ्या टॅक्सीवाल्यांना हे पाणी घेऊ नका म्हणून सांगणार होते. मुकुंदरावांचा चेहरा उतरला. सुधा म्हणाली, माझी ताई रसायनशास्त्र शिकवते, तीच तपासेल.

टॅक्सीमालकांनी मला विचारलं, "टीचरम्मा, सच बोलेंगे ना?"

"हौ (होय)," मी म्हटलं.

कारखान्यात तपासणीसाठी सिल्व्हर नायट्रेट होतंच. त्याचे थेंब मिठाच्या पाण्यात पडले की पाणी दुधाळ होतं. बोअरचं पाणी झालं. त्यांच्या कॅनमधलंही झालं. मग कारखान्यातला सीलबंद कॅन फोडला. माझा हात स्थिर होता. मनात मात्र एकच होतं, होऊ दे पांढरं.

पाणी तसंच नितळ राहिलं. परीक्षानळी मी उजेडाकडे जरा जास्तच वेळ धरली. मग मी म्हटलं, "साफ है."

टॅक्सीमालकांनी बाहेर जाऊन ड्रायव्हरला विचारलं. कॅन संपत आला तसा त्यानं बोअरच्या नळाखाली भरून घेतला होता. त्यांनी मुकुंदरावांची माफी मागितली आणि नवे कॅन घेऊन गेले.

निघताना स्टँडवर सुधा माझी पिशवी बसमध्ये ठेवत म्हणाली, "ताई, त्या टॅक्सीमालकांनी आमच्यावर नाही, तुझ्यावर विश्वास ठेवला. तू शिकलीस, माझं बारावीनंतर लग्न झालं. खरं सांगू? तू पाणी तपासत होतीस, तेव्हा मला तुझा हेवा वाटला."

ती हसत होती. मलाही तेच सांगता आलं असतं. मी फक्त हात हलवला.

घरी येऊन बरेच दिवस झाले. तिची गाडी, फ्रिज यांचं आता फारसं काही वाटत नाही. पण मनातलं इतकं सरळ बोलून टाकता येतं तिला, त्याचा मात्र अजून हेवा वाटतो.