बीडचा कॅल्क्युलेटर, काकवीतला सूर्य

समुद्रापासून इतक्या लांब राहून जहाजावर जायचं ठरवलं, की पहिलं वादळ घरातच सोसावं लागतं. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एकच सवाल होता. "तितं ना झाड ना पाटी. घर कसं सापडंल तुला?"

सूर्य-तारे मोजून, म्हटलं.

"मग आदी आपलं गेवराईचं घर काढून दाखव. निघालं तर जा."

शेतातून क्षितिज धड दिसत नाही. म्हणून भर दुपारी थाळीत काकवी ओतली, तिच्यातला सूर्य आणि आभाळातला सूर्य यांच्यामधला कोन प्लास्टिकच्या सेक्स्टंटनं मोजला आणि निम्मा केला. सूर्याची उंची आली अठ्ठावन्न अंश चव्वेचाळीस मिनिटं. काकवी वाया घालवली म्हणून आईनं मला धुतलं ते वेगळंच. आता हवा होता जहाजावरच्या नोकरीच्या परीक्षेत चालेल असा कॅल्क्युलेटर. मोबाईल तिथं चालत नाही.

दुसऱ्या दिवशी एसटीनं बीड गाठलं. चौपदरी रस्ता झकास आहे, फक्त उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकलात तर चिडू नका. बायकांना तिकीट अर्धं. माझं अर्धं निघालं, अण्णांना स्वतःचं पूर्ण काढावं लागलं आणि बीड येईपर्यंत त्यांनी ते ऐकवलं. स्टँडबाहेरची गरम भजी खाऊनच बाजारात शिरा. रिकाम्या पोटी अण्णांसोबत खरेदी जमत नाही.

दुकानात त्यांना मोठ्या बटणांचा, किराणा दुकानात असतो तसला पसंत पडला. मी आकडे सांगितले, त्यांनी दाबले. नव्वदातून सूर्याची उंची वजा, मग सूर्य त्या दिवशी विषुववृत्ताच्या दक्षिणेला जितका असतो ते नाविक पंचांगातले बारा अंश वजा. चव्वेचाळीस मिनिटं त्यांनी सरळ दशांश टिंबापुढं टाकली. घराचा अक्षांश आला १९.५६.

"म्हणजे एकोणीस अंश छप्पन मिनिटं. कुटं हाय हे?"

"संभाजीनगरच्याही पुढं, अण्णा. अंशात मिनिटं साठ असतात, हा शंभर धरतो."

"गोदावरी वलांडली की घरानं!" अण्णा म्हणाले. दुकानदार हसू दाबत सोलरवाला घेऊन आला. आमच्या शेतात सोलर पंप असल्यानं अण्णा लगेच भाळले. मी म्हटलं, तारे मोजतात तिन्हीसांजेला. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून सोलरच्या पट्टीवर ठेवली. आकडे गुल.

"ह्यो तर आपल्या पंपावानी. दिवस मावळला की झोपतो."

तिसऱ्याला अंश-मिनिटांचं वेगळं बटण आणि आत सेल. यावेळी मी दाबलं. एकोणीस अंश सोळा मिनिटं. शेजारी मोबाईलवर गेवराईचा नकाशा धरला, तोच अक्षांश. अण्णांनी दोन्ही आकडे पुन्हा पुन्हा पाहिले आणि पैसे दिले. घासाघीससुद्धा केली नाही, तेव्हा मला भीतीच वाटली.

घरी आलो तेव्हा आई काकवीची बरणी उचलून ठेवत होती. अण्णा म्हणाले, "थोडी ऱ्हाऊ दे, लागंल. ही तिकडं दुपारचा सूर्य मोजंल, आपून हितं मोजू."

मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "ते प्लास्टिकचं यंत्र मातर हितंच ठिवून जा."