वाढत्या अंगाच्या पिशव्या

बायको गेली त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांच्या घरात आवाज असा एकच, शिलाई मशीनचा. मागच्या अंगणात तिनं लावलेलं सफरचंदाचं झाड होतं. दूरच्या शहरातली लेक फोनवर म्हणायची, "फळं आली की येते, बाबा." गेल्या वर्षी मास्तरांनी सरळ सांगून टाकलं, "सगळी किडली." मग ती आलीच नाही. इतका खरेपणा तरी काय कामाचा?

या वर्षी त्यांनी कंबर कसली. पाकळ्या गळताच ते रोपवाटिकेतल्या बाईंकडे गेले.

"राखाडी पतंग संध्याकाळी अंडी घालतो," बाई म्हणाल्या. "अळी फळात शिरते. भोकाशी तपकिरी भुसा दिसला की समजा, आत आहे. फवारा नको ना? मग गळलेली फळं रोज उचला, अळ्या अडकायला खोडाला पुठ्ठा गुंडाळा. आणि फळं बोराएवढी असतानाच पिशव्या बांधा."

पिशव्या म्हटल्यावर मास्तर खुलले. त्यांनी बायकोच्या मलमलीच्या ओढण्या काढल्या. नमुना म्हणून अंदाजपंचे एक पिशवी शिवून खालच्या फांदीला बांधली, पण तिचा ढगळपणा डोळ्यांत खुपला. माप न घेता कापडाला कात्री लावणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. शिडीवर चढून एकेका फळाला टेप लावली. शिवून होईपर्यंत फळं वाढली, पिशव्या तोकड्या. पुन्हा मापं, पुन्हा उसवणं. जन्मभर प्रत्येक आईला "वाढत्या अंगाचं शिवू या" सांगणारा माणूस ऐन वेळी तेच विसरला. महिन्याभरानं साठ पिशव्या बांधून झाल्या, एकीलाही सुरकुती नाही.

फळं पिकल्यावर नाड्या सोडल्या. प्रत्येकाला भोक, भोकाशी भुसा. चोराला आत ठेवून त्यांनी दाराला कुलूप लावलं होतं. शेवटी ती ढगळ पिशवी उघडली. आत एक लालबुंद, बिनडागाचं फळ. मास्तर रडले. बघायला कोणी नव्हतं, म्हणून खूप वेळ रडले.

मग फोन लावला.

"अगं, फळ आलंय."

"किती आली?"

खोटं अगदी जिभेवर आलं होतं. "एक."

"एका फळासाठी सुट्टी कशी मागू, बाबा? पुढच्या वर्षी बघू या."

"बरं."

त्यांनी फळाचे दोन भाग केले. एक खाल्ला, दुसरा बशीत काळा पडत गेला. मास्तरांनी उरलेली ओढणी टेबलावर पसरली आणि पुढच्या वर्षीच्या पिशव्या बेतायला घेतल्या. सगळ्या वाढत्या अंगाच्या.