दोन मिनिटांची हाक

चराऊ जमिनींबद्दल देशोदेशींच्या सरकारांत एक करार व्हायचा होता. बैठकीत मेंढपाळांचाही आवाज ऐकवायचा म्हणून मी मोबाइल घेऊन शिरड शहापूरकडच्या गायरानात पोचलो. माणशी दोन मिनिटं रेकॉर्डिंग करायचं.

मला भेटलेल्या मेंढपाळ बाईंनी काठी मानेमागे आडवी धरून तिच्यावर दोन्ही हात टाकले होते. हसू तर थांबतच नव्हतं. नाव विचारलं.

"माझ्या नावाचं काय करता? गायरानाचं लिव्हा!"

मी त्यांना कराराचा मसुदा वाचून दाखवू लागलो. 'पडीक जमीन' ऐकताच त्यांचे हात काठीवरून सुटले.

"पडीक काहून म्हणून राहिले? मंग ह्या मेंढ्या काय वारा खाऊन राहिल्या? तिथं बैठकीत मेंढरं राखणारं बसलंय का कुनी?"

"नाही."

"मंग हे ऐकवा," म्हणत त्यांनी मोबाइल ओढला आणि मेंढ्यांना घालतात ती लांबलचक हाक त्यात घातली. मेंढ्या धावत आल्या. बाईंनी हसत हसत त्यांना परत पांगवलं आणि हापशावर पाणी प्यायला गेल्या.

आवाज नीट आलाय का पाहावं म्हणून मी रेकॉर्डिंग लावलं, तर अख्खा कळप माझ्यावरच! एकीनं मसुद्याचं पान ओढून चघळायला घेतलं. उरलेली पानं डोक्यावर धरून मी गरागरा फिरतोय, आणि मलाही हसू आवरेना.

बाई हापशाला धरून हसत होत्या. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "भाऊ, तिथं बी असंच मोठ्यानं लावा. अन् कोन कोन उठून आलं, ते मला येऊन सांगा."