वहिनींच्या कॅलेंडरचं नाव

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही — दादापुढे तर नाहीच. त्याच्याच बायकोशी मी असं वागलो, त्याला कुठल्या तोंडानं सांगू? तुम्ही परके, म्हणून बोलतोय. सरळ सांगतो... छे, सरळ कुठलं जमतंय!

वहिनींना आमच्या नगरा भागातल्या ऑफिसात मीच आणलं. बाबांचा विरोध होता, पण वहिनी हट्टाला पेटल्या, आणि शिकल्या हो! छावणीजवळच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांची वेबसाइट आम्ही दोघं करत होतो. पेशंटनं तारीख घ्यायचं कॅलेंडर वहिनींचं. ऑफिसचा रिवाज असा, की आपल्या स्क्रिप्टच्या, म्हणजे कोडच्या फाइलच्या, नावाआधी स्वतःचं आद्याक्षर लावायचं, म्हणजे दोघांची नावं भिडत नाहीत. त्यांनी विचारलं होतं — "भाऊजी, अक्षर लावू ना?" मीच म्हटलं, काय गरज? कॅलेंडर एकच तर आहे.

आणि साइट दाखवायच्या दिवशी सकाळी, घाईघाईत, पहिल्या पानावर सणवारांचं कॅलेंडर कुणी चढवलं? मी. नाव काय दिलं? नुसतं कॅलेंडर! एका नावाच्या दोन स्क्रिप्ट आल्या की सिस्टिम पहिली घेते, दुसरी गपचूप सोडून देते, सांगतसुद्धा नाही. माझी आधी आली. वहिनींचं बटण दाबा, परत दाबा — ढिम्म.

डॉक्टर तडकले, "ये किसने बनाया है?" मला कळलं होतं. अगदी तेव्हाच कळलं होतं! आणि मी म्हणालो — "भाभीजी नई हैं सर, सीख रही हैं."

मग माझ्याच फाइलचं नाव बदललं, तर लागलं की चालायला. डॉक्टर खूश, "वाह भैया!" वहिनींनी डोळे पुसत माझे आभार मानले. आभार! माझे!

घरी बाबा म्हणाले, "सांगत होतो ना?" मी शेजारीच जेवत होतो. भ्यायलो कशाला? नोकरी थोडीच जाणार होती? दोन शब्द ऐकावे लागले असते, बस. नुसता तोरा माझा, दुसरं काही नाही. वहिनी दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला आल्या नाहीत. मी बोलवायलाही गेलो नाही — एकाच घरात राहून.

परवा त्यांना माहेरी जायचं तिकीट काढायचं होतं. सगळं स्वतःच भरलं, बरोबर भरलं. शेवटचं बटण आलं, तर मोबाइल माझ्यापुढे धरला. "तुम्हीच दाबा, भाऊजी. माझ्या हातून बिघडतं."

मी दाबलं.