थिअरीबाई

निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असतानाही गायकवाड बाई वर्गात कसं शिकवावं याची पुस्तकं वाचायच्या. ऑफ तासाला आम्ही बाकीचे शिक्षक चहा पीत वेतन आयोग आणि डोंबिवलीचे रस्ते यांवर तावातावाने बोलायचो. बाई खिडकीजवळच्या खुर्चीत, पुस्तक इंग्रजी असेल तर मांडीवर शब्दकोश घेऊन, पेन्सिलीने खुणा करत बसलेल्या असायच्या. कधी मध्येच थांबून स्वतःशीच म्हणायच्या, "अगं बाई, हे तर मी रोज चुकते."

आमची शाळा मानपाडा रोडवर. मी तिथे आठवीला गणित शिकवतो. तेव्हा मला नोकरीत सहा वर्षं झाली होती. बी.एड.ला पहिला वर्ग होता आणि कंपास न घेता फळ्यावर गोल गरगरीत वर्तुळ काढता यायचं, त्यामुळे आपण उत्तम शिक्षक आहोत याबद्दल मला शंका नव्हती. बाईंचं 'थिअरीबाई' हे नाव मीच ठेवलं. त्या स्टाफरूमबाहेर गेल्या की मी त्यांची नक्कल करायचो: चष्मा नाकावर, बोट ओळीवर. सगळे हसायचे. एकदा तोंडावरच म्हणालो, "बाई, बत्तीस वर्षं पोळ्या लाटल्यावर पोळीची रेसिपी कोण वाचतं?"

"पोळ्या वातड होत असतील तर वाचावी, सर," बाई म्हणाल्या आणि पान उलटलं.

त्यांचा एक नियम होता. "एका पुस्तकातून एकच गोष्ट घ्यायची. दहा घेतल्या की एकही टिकत नाही." ती एक गोष्ट त्या महिनाभर वर्गात करून पाहायच्या आणि फसली तर मोकळेपणाने सांगायच्या. एकदा त्यांनी मुलांचे गट करून धडा शिकवायला घेतला. इतका गोंधळ झाला की खालच्या मजल्यावरून मुख्याध्यापक धावत आले. बाई स्टाफरूममध्ये येऊन घाम पुसत म्हणाल्या, "पुस्तकातला वर्ग चोवीस मुलांचा होता. माझा बासष्टचा. लिहिणाऱ्याला माझा वर्ग कुठे माहीत? आता आपणच काहीतरी जमवायला हवं." दुसऱ्या दिवशी त्यांनी फक्त शेजारच्या दोघांना एकमेकांशी बोलायला लावलं, आणि ते जमलं. मला मात्र आदल्या दिवशीचा गोंधळच पुढे कित्येक दिवस सांगायला पुरला.

त्याच वर्षी दिवाळीनंतर बाईंनी मला विचारलं, "तुमच्या तासाला मागे बसू का?" मला वाटलं, शिकायला येतायत. मोठ्या ऐटीत मी त्यांना शेवटच्या बाकावर जागा करून दिली आणि समीकरणं अशी रंगवून शिकवली की मीच स्वतःवर खूश झालो.

तास संपला. मुलं मैदानावर गेल्यावर बाईंनी एक कागद माझ्यापुढे ठेवला. त्यावर वर्गातले बाक काढले होते आणि मी ज्याला ज्याला प्रश्न विचारला त्याच्या जागी टिंब दिलं होतं. सगळी टिंबं पुढच्या पाच मुलांवर. बाकीचा कागद कोरा.

"सर, तुम्ही छान बोलता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण प्रश्न विचारून थांबत नाही. मीही थांबायचे नाही. पुस्तकात वाचलं तेव्हा कळलं. ती तिसऱ्या रांगेतली सायली, तिचे ओठ दोनदा हलले. तोवर तुम्ही उत्तर सांगून टाकलं होतं."

कान तापले माझे. "सायलीला काही येत नाही बाई, तुम्हाला माहीत नाही," असं म्हणून मी कागद चुरगाळला आणि तडक मुख्याध्यापकांकडे गेलो. त्यांना सांगितलं की गायकवाड बाईंनी भर वर्गात, मुलांसमोर माझा अपमान केला.

वर्गात तेव्हा एकही मूल नव्हतं.

बाईंना दुसऱ्याच्या तासाला बसायची बंदी झाली. जूनमध्ये नवीन वेळापत्रक लागलं, त्यात त्यांचा नववीचा वर्ग काढून घेतलेला होता. शेवटचं वर्ष त्यांनी बहुतेक कार्यालयात, मुलांचे ऑनलाइन फॉर्म भरण्यात काढलं. मला भेटल्या की पूर्वीसारखंच "काय सर, बरं ना?" विचारायच्या. मी घाईत असल्याचं दाखवायचो.

त्या वर्षी सायलीच्या नववीलाही गणित माझ्याकडेच होतं. पालकसभेत तिची आई मला म्हणाली, "सर, आमची सायली बिल्डिंगमधल्या दोघा पोरांना गणित शिकवते. शाळेत का मागे पडते, समजत नाही." मला समजलं होतं. दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारला आणि तोंड मिटून उभा राहिलो. ती शांतता फार जड गेली. पुढच्या पाचांचे हात वर होते, तरी थांबलो. सायली उठली आणि अडखळत का होईना, बरोबर उत्तर दिलं. खरं तर तेव्हाच जिना उतरून कार्यालयात जायला हवं होतं. नाही गेलो. बाईंच्या निरोप समारंभातही पुष्पगुच्छ देणाऱ्यांच्या मागे उभा राहून टाळ्या वाजवल्या.

दोन वर्षांनी गेलो. बाई आता ठाण्याला, बाळकुमच्या एका सोसायटीत मुलाकडे राहतात. चहा होईपर्यंत मी इकडचं तिकडचं बोललो, मग एकदाचं सगळं सांगितलं.

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "साहेबांनी बोलावलं होतं ना. मी खरं ते सांगितलं. त्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवला."

"लागलं असेल तुम्हाला."

"लागलं. खोटं कशाला बोलू? शेवटचं वर्ष होतं, सर. मला वर्ग हवा होता."

रिकामा कप बाजूला ठेवत त्याच पुढे म्हणाल्या, "मी नवीन होते, कल्याणच्या शाळेत. तिसरीत मंदा म्हणून मुलगी होती. तिला वाचताच यायचं नाही. मी तिच्या वडिलांना सगळ्या पोरांसमोर सांगितलं, हिला नाही जमायचं, उगाच वर्षं घालवू नका. त्यांनी तिचं शाळेतून नाव काढून घेतलं. पुढे कितीतरी वर्षांनी एका पुस्तकात वाचलं, अशा मुलांना अक्षरं वेगळ्या तऱ्हेने शिकवावी लागतात, आणि ती शिकतात. त्यानंतर वाचणं सुटलं नाही. पण प्रत्येक वेळी भीती वाटते. कुठल्या पानावर अजून कोण सापडेल, काय सांगावं?"

निघताना त्या लिफ्टपर्यंत आल्या. माफ केलं, असं काही म्हणाल्या नाहीत. मीही माफी मागितली नाही.

"तुम्ही सांगायला आलात, बरं केलंत," त्या म्हणाल्या. "मला नाही जमलं. मंदाचं घर शाळेच्याच वाटेवर होतं. ते पुस्तक वाचल्यावरही अकरा वर्षं मी रोज तिच्या दारावरून गेले."