सहावं पॅनेल

राग माझ्या नाकावर असतो, हे आमच्या कोळीवाड्यात लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे गणपतीच्या बैठकीत मी बोलायला उभी राहिले तेव्हा दोघातिघांनी चहाचे कप उचलून जरा लांबची जागा धरली.

विषय देखाव्याचा होता. आपल्या देशाचा माणूस अंतराळ स्थानकात राहून आला होता, तेव्हा यंदा देखावा स्थानकाचाच, यावर सगळ्यांचं एकमत झालं. भांडण होतं ते स्थानकाच्या दोन्ही बाजूंच्या सोलर पंखांचं. कमिटीला निळा कागद चिकटवलेले पुठ्ठ्याचे पंख आणि आत विजेची मोटर हवी होती. रेवदंड्याच्या बंदराजवळ माझं सोलर दुरुस्तीचं दुकान आहे. होड्यांवरचे दिवे, पॅनेल, सगळं माझ्याकडे येतं. माझ्या डोळ्यांदेखत पुठ्ठ्याचं पॅनेल लागणार, हे मला सोसवेना.

"खरी पॅनेल लावू," मी म्हटलं. "बॅटरी नको, मांडवातली वीज नको. ऊन पडलं की स्थानक फिरेल."

"आन ऊन न्हाय पडला तं?" अध्यक्षांनी विचारलं. अध्यक्ष म्हणजे माझे चुलते.

"तर नाही फिरणार, काका. वरचं स्थानक तरी अंधारात कुठं वीज बनवतं?"

भादव्यात ऊन मागणारी बाई म्हणून चार दिवस माझी यथेच्छ थट्टा झाली. पण स्थानक उभं राहिलं. प्लॅस्टिकचे पाइप, तेलाचे रिकामे डबे, मधे मधे जाळं तरंगतं ठेवणारे पांढरे बोये. दोन्ही बाजूंना तीन तीन जुनी पॅनेल, होड्यांवरून उतरवलेली. मांडवासमोरच्या अंगणात, लोखंडी खांबावर ते असं काही दिसायचं की शाळेतून येणारी पोरं घरी जायची विसरत.

चतुर्थीच्या आदल्या दुपारी समुद्रावरून वाऱ्याचा झोत आला. मांडवाची ताडपत्री सुटली आणि तिनं डाव्या पंखाला असा तडाखा दिला की लोखंडी पट्ट्या वाकल्या आणि तिन्ही पॅनेल वायरींवर लोंबकळू लागली. काका म्हणाले, "रेऊ दे आता. लायटीची माळ सोडू वरून." मी तडक घरी गेले आणि आईला घेऊन आले.

आई जाळी विणते. फाटक्या जाळ्याचं भगदाड ती गप्पा मारता मारता बुजवते, खाली न बघता. खऱ्या स्थानकाचा पंखही एकदा फाटला होता आणि एका अंतराळवीरानं बाहेर जाऊन तो टाके घातल्यासारखा बांधून काढला होता, हे मी मोबाइलवर पाहिलं होतं. तेच मी आईला सांगितलं. तिला अंतराळाचं काडीचं कौतुक नव्हतं. तिनं नायलॉनची दोरी दातात धरली, पंखाला एकदा हलवून पाहिलं आणि म्हणाली, "आवलून बांधला तं काच फुटंल. जरा सैल ठेवाय पायजे, वाऱ्याला." मी पट्ट्या सरळ केल्या, वायरी नव्यानं जोडल्या. तिनं तिन्ही पॅनेल जाळ्याच्या गाठींनी बांधून दिली. अंधार पडेस्तोवर आम्ही दोघीच तिथं होतो, आणि मला फार बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मूर्ती यायच्या आधी स्थानकाची पूजा होती. हळदकुंकवाचं ताट आलं आणि आई सवयीनं मागे सरकली. वडील गेल्यापासून ती अशीच मागे सरकते. नारळी पुनवेला होडीची पूजा असो, कुणाची ओटी भरायची असो, ती शेवटच्या रांगेत असते. तिला तसं कुणी सांगितलेलं नाही. सांगावंच लागलं नाही, याचीच मला जास्त चीड येते. दर वर्षी मी तिच्याशी यावरून भांडायचे आणि दर वर्षी हरायचे.

त्या दिवशी मी ताट सरळ तिच्या हातात दिलं. "जिनं बांधलं तीच पूजा करील."

"न्हाय गो बाय, मी न्हाय लावाची. बरा दिसत न्हाय."

"कुणाला बरं दिसत नाही? नाव सांग."

आमची जुंपणार हे बघून तिनं घाईघाईनं सहाही पॅनेलच्या कोपऱ्यात कुंकवाचा बारीकसा ठिपका लावला आणि बोट पदराला पुसलं. मग काका नारळ घेऊन पुढे आले. समोर दोन मोबाइल लागले होते. खालच्या दगडावर नारळ फोडला असता तर काका व्हिडिओत वाकलेले दिसले असते. त्यांनी उजव्या पंखाच्या लोखंडी पट्टीवरच नारळ दणकन आपटला. पाणी उडालं, जयजयकार झाला. मी बटण दाबलं.

मोटर घुरघुरली. स्थानक जागचं हललं नाही.

मग बायकांतून आवाज आला, "सवाशिनीचा हात लागाय पायजे व्हता." काकांना तसं म्हणायचं नसावं, पण तेही बोलून गेले, "कुकवानं काच झाकली, दुसरा काय."

आई कधी मांडवाच्या खांबाआड गेली, मला कळलंही नाही. डोक्यात तिडीक गेली, पण त्याहून जास्त भीती वाटली. आज हे फिरलं नाही तर आईचा हात पुन्हा कधीच पुढे येणार नव्हता. आणि पुढच्या वेळी मला भांडायलाही तोंड उरणार नव्हतं.

मी दुकानातून काट्याचा जुना मीटर आणला, सगळ्या पॅनेलच्या वायरी त्याला जोडल्या आणि तो काकांच्याच हातात दिला. "मी एकेक पॅनेल गोणपाटानं झाकते. जिवंत पॅनेल झाकलं की काटा खाली येईल. तुम्ही मोठ्यानं सांगायचं."

तेवढ्यात ढग आला. सगळे वर बघत उभे. नाक्यावरून मूर्तीबरोबरच्या वाजंत्रीचा बेंजो ऐकू येऊ लागला होता. ढग सरला, मी डाव्या पंखाचं पहिलं पॅनेल झाकलं.

"पडला," काका म्हणाले.

दुसरं. "पडला." तिसरं. "पडला." आईनं बांधलेली तिन्ही पॅनेल ठणठणीत होती, कुंकवासकट. मी उजवीकडे गेले. पहिलं झाकलं, पडला. दुसरं झाकलं, पडला. शेवटचं झाकलं.

काकांनी मीटर डोळ्यांजवळ नेला. "न्हाय पडत."

"नीट बघा."

"न्हाय पडत गो!"

मी त्या पॅनेलच्या पाठीमागची वायरींची डबी उघडली; तिचं झाकण एका बाजूनं तडकलं होतं. दणक्यानं वायर जोडणारा शिशाचा टाका सुटला होता, आत पाणी साचलं होतं, आणि पाण्यात खोबऱ्याचा पांढराशुभ्र तुकडा बसला होता. तो मी तळहातावर ठेवला आणि काकांच्या समोर धरला. बोलले काहीच नाही. एवढं गप्प राहणं मला पुन्हा कधी जमलेलं नाही.

काकांनी तुकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग तो उचलून तोंडात टाकला. "परसाद हाय," ते म्हणाले, आणि सगळं अंगण खो खो हसलं. बायकांतला तो आवाजसुद्धा.

डबी पुसून मी टाका पुन्हा मारला. काकांनी स्वतःच्या उपरण्यानं पॅनेलवरचं नारळाचं पाणी कोरडं केलं, आणि त्याबरोबर आईचा ठिपकाही पुसला गेला. ते त्यांच्या लक्षात आलं. बेंजो अगदी वळणावर आला होता, तरी ते ताट घेऊन खांबाकडे गेले.

"वयनी, यो एक ठिपका रेला. तुमीच लावा."

आई पुढे आली. मीच धास्तावले होते, सहाही पॅनेल मिळून मोटरला जेमतेम पुरत होती. हळूच म्हटलं, "आई, चौकटीवर लाव. काचेवर ऊन अडतं."

"येवढ्यानं न्हाय अडत," ती म्हणाली. "आताच तं दावलंस सगल्यांना."

आणि तिनं काचेच्या बरोब्बर मधोमध, चांगलं रुपयाएवढं कुंकू लावलं. मी बटण दाबलं. मोटर घुरघुरली, स्थानकाला एक हिसका बसला आणि ते फिरू लागलं. मूर्ती अंगणात आली तेव्हा सहाही पॅनेल उन्हात गरगरत होती. मी भर गर्दीत नाचले. काकाही नाचले.

आई पहिल्या रांगेत उभी होती. या वेळी तिनं बोट पदराला पुसलं नव्हतं. आरतीत टाळ्या वाजवून वाजवून तिचे दोन्ही तळवे कुंकवानं लाल झाले.